निळा दिवा

आमच्या गोरखीतल्या घरात मासा कधी शिरला नाही, पण समुद्र शिरला. मागच्या खोलीत, जिथे पूर्वी लोणच्याच्या बरण्या असायच्या, तिथे आता दोन फुटांची काचेची टाकी आहे. तिच्यात 60 लिटर पाणी. आरओच्या पाण्यात दुकानातून आणलेलं समुद्री मीठ, लिटरला साधारण 35 ग्रॅम, आणि त्यात मुलाने आणलेली जिवंत पोवळी. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि टाकी माझ्या गळ्यात पडली.

ती घरात यायच्या आधीच मी अट घातली होती. मासा नको, आणि कुणाला जिवंत खाणं घालायचं नाही. मुलगा म्हणाला, "अगं आई, ही उजेड खातात." त्या एका वाक्यावर मी विरघळले. गोष्ट खरीच आहे. पोवळ्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. आमच्या ग्रंथांत पोवळं पृथ्वीकायिक जीवांत मोजलं आहे, स्फटिक, मणी, रत्नं यांच्या रांगेत. प्राणिशास्त्र त्याला प्राणी म्हणतं. हिशेब वेगवेगळा, पण जीव आहे यावर दोघांचं एकमत. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरात उजेड खाणारा पाहुणा, याहून सोयीचं काय? पुढे मुलानेच सांगितलं की समुद्रातली पुष्कळ दगडी पोवळी रात्री बारीक स्पर्शिका बाहेर काढून तरंगते जीव पकडतात. सासूबाई हसून म्हणाल्या, "म्हणजे रात्रीभोजन आहेच की!"

आमच्याकडची दगडी नव्हेत. झोअँथिड म्हणजे बटणांसारखी फुलं, आणि मश्रूम म्हणजे पापडासारख्या चकत्या. मुलाने बसवलेल्या पांढऱ्या दिव्यात ती उकळून टाकलेल्या चहाच्या चोथ्यासारखी दिसायची. कौतुकाने बघायला आलेली माणसं दोन मिनिटं उभी राहायची आणि चहाकडे वळायची. माझा थोडा हिरमोड व्हायचा, नाही कशाला म्हणू?

म्हणून श्रावणात मी बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, "भाभीजी, ये नीली लगाइए, फिर देखिए." लावली, आणि खोलीत दिवाळी झाली. चोथ्यातून पोपटी कडा उमटल्या, बटणांच्या मध्यभागी नारिंगी ठिणग्या.

यात जादू नाही. समुद्रात खाली उतरलं की लाल रंग आधी पाण्यात विरतो, निळा खोलवर पोचतो. पोवळ्यांच्या अंगातली काही प्रथिनं हा निळा उजेड शोषतात आणि हिरवा, नारिंगी, लाल असा परत सोडतात. पांढऱ्या दिव्यात ही चमक बाकीच्या उजेडात बुडून जाते. 1999 साली मॉस्कोच्या शास्त्रज्ञांनी असं एक लाल चमकणारं प्रथिन शोधलं, तेही मत्स्यालयात पाळलेल्या मश्रूम पोवळ्यातून. आज प्रयोगशाळांत पेशी रंगवायला ते वापरतात. माझ्या चकतीची एवढी पोच असेल असं वाटलं नव्हतं.

तर दिवा लावला, पूर्ण तेजावर. आणि शेजारच्या बायका संध्याकाळीच मोकळ्या होतात, म्हणून सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत तो जळता ठेवला. चौदा तास. आठवड्यात रंग आणखी खुलले. मी फोटो काढले, पुण्याला पाठवले, नणंदेला पाठवले. दहाव्या-बाराव्या दिवशी एक चकती आक्रसून बिब्ब्याएवढी झाली. बटणं मिटली ती उघडेनात. ज्या चकतीची सगळ्यांत जास्त स्तुती झाली होती, ती फिकी पडत पडत दुधाळ झाली आणि एका सकाळी दगडावरून सुटून तळाशी पडलेली दिसली.

मुलाने व्हिडिओवर बघितलं आणि जरा वेळ बोललाच नाही. मग विचारलं, "आई, किती टक्क्यांवर आहे?" टक्के असतात हे मला ठाऊकच नव्हतं.

उजेड अती झाला की आतलं शेवाळ यजमानालाच बाधतं, आणि पोवळं त्याला बाहेर टाकतं. तपकिरी रंग त्या शेवाळाचा असतो. म्हणजे ज्याला मी चोथा म्हणत होते, ती भरल्या घराची खूण होती. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 2020 मध्ये दाखवलं की समुद्र तापून शेवाळ गमावलेली काही पोवळी पांढरी पडण्याऐवजी भडक, निऑनसारखी रंगतात. ते रंग म्हणजे त्यांनी स्वतःवर ओढलेली छत्री. शेवाळ परत यावं म्हणून केलेली खटपट. मी हे वाचलं तेव्हा मोबाइलमधले ते फोटो उघडून परत बघितले. खाली मैत्रिणींचे टाळ्यांचे इमोजी होते.

आता दिवा टाकीपासून वीतभर उंच टांगला आहे. पांढरा आणि निळा वेगळा कमी-जास्त करता येईल असाच घेतला. सुरुवात वीस टक्क्यांवर, मग दर आठवड्याला पाच टक्के, आणि पोवळं काय म्हणतं ते बघून. मिटायला लागलं की मागे. मश्रूमना कमी उजेड पुरतो, म्हणून त्या खाली आणि कडेला, बटणं वर. दिवसाचे आठ तास, टायमरवर. ग्वाल्हेरात वीज गेली की साधा टायमर मागे पडतो आणि दुपारचा उजेड मध्यरात्री लागतो, तेव्हा बॅटरीचा घ्यावा. इन्व्हर्टरवर पंप ठेवला आहे, दिवा नाही. एखादा दिवस अंधारात पोवळं निभावून नेतं, पण पाणी हललं नाही तर गुदमरतं. मे महिन्यात इथे पारा 45 च्या पुढे जातो. मग पंखा पाण्यावर वाहतो, दिव्याचे तास कमी होतात, आणि उडालेल्या पाण्याच्या जागी बिनमिठाचं पाणी घालायचं, कारण मीठ उडत नाही.

माणसाचंही सांगते. खारं पाणी वायरीवरून ओघळत प्लगपर्यंत जातं. म्हणून वायरीला बोर्डाच्या खाली झोळ सोडायचा, थेंब तिथेच गळतो. बोर्डावर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवा. तो नसताना टाकीत हात घालायचा नाही, आणि असला तरी आधी दिवा बंद करायचा. झोअँथिडपैकी काहींत फार जहाल विष असतं, तेव्हा हातमोजे. निळ्या दिव्याकडे टक लावून बघू नये, मुलांना तर मुळीच बघू देऊ नये. आणि जंतू मारायची यूव्ही नळी कुणी "रंग खुलतील" म्हणून गळ्यात मारली तर घेऊ नका. ती बंद डब्यातच चालवायची असते, उघडी लावली तर डोळे आणि कातडी भाजते.

घरात पाणी गाळून पिणारी मी, या टाकीतलं पाणी मात्र मला गाळून टाकता येत नाही. त्यातले न दिसणारे जीवच ते निरोगी ठेवतात. यांना सारखं वाटतं मी टाकी कुणाला तरी देऊन टाकावी. पण कुणाला देऊ? तोही संध्याकाळी पाहुण्यांसाठी दिवा वाढवेल.

नवीन मात्र आणायचं नाही, हे मुलाकडून कबूल करून घेतलं. दगडी पोवळी तर आपल्याकडे विकत घेणंच गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ती वाघाबरोबर पहिल्या परिशिष्टात आहेत. मुलाचं म्हणणं, आपली तशी नाहीत. मी म्हटलं, कायद्याचं तू बघ, मी माझं बघते. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात पोवळी आहेत, तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. रंगच बघायचे असतील तर तिथे जाऊ, तोंडाला नळी लावून. माझ्या गुडघ्यांनी परवानगी दिली तर.

क्षमावाणीच्या दिवशी सकाळपासून फोन चालू होते, इंदूर, सांगली, बेळगाव. "वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी." दुपारी फोन थांबले तेव्हा मागच्या खोलीत गेले. तेच शब्द तिथे म्हणावेत की नाही ते ठरेना. म्हटले नाहीत. काच पुसली, पाण्याची खूण बघितली, अर्धा तांब्या साधं पाणी घातलं.

तीन चकत्या राहिल्या आहेत. रंग पुन्हा चोथ्यावर आला आहे. टायमरचा शेवटचा अर्धा तास, सात ते साडेसात, पांढरा बंद होतो आणि निळा एकटाच मंद राहतो. शेजारचा चिंटू बरोबर सातला येतो आणि रोज तेच विचारतो, "काकू, थोडा वाढवा ना." साडेसातला दिवा आपोआप विझतो, आणि तो घरी जातो.