धाकलीचं नाव

मुलांनो, तुमच्या बालवाडीत आयाबाई होत्या ना? शेंबूड पुसणाऱ्या, डब्याचं घट्ट झाकण उघडून देणाऱ्या? हा 'आया' शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. इंग्रज साहेबांनीही तो उचलला. मुलं सांभाळणाऱ्या हिंदुस्थानी बाईला ते आया म्हणत आणि विलायतेला निघाले की बोटीवर मुलांचं बघायला तिला बरोबर नेत. मुंबईहून सुएझ कालव्यातून जायला सुमारे तीन आठवडे लागायचे. तेवढे दिवस मडमेला मुलं कोण सांभाळणार?

माझ्या आजीची आत्या अशीच गेली. नाशिकजवळ देवळालीला तेव्हा गोऱ्या सैन्याची छावणी होती. आजीचे वडील तिथे एका साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम करत आणि त्यांची धाकटी बहीण साहेबाची पोरं खेळवी. १९२३ साली मडम मुलांना घेऊन निघाली, तेव्हा ही सोळा वर्षांची पोरही बोटीत चढली. सहा महिन्यांत येते म्हणाली होती. आली नाही.

जाण्याआधी साहेबाने आजीच्या वडिलांना 'माणूस प्रामाणिक आहे' अशी चिठ्ठी लिहून दिली होती. पुढची नोकरी मिळवायला अशी चिठ्ठी दाखवावी लागे. आजीने ती अजून पत्र्याच्या डब्यात जपली आहे. तिच्यात धाकलीचा उल्लेख नाही, पण खाली साहेबाची सही आहे. मला तेवढंच हवं होतं.

कारण इंग्लंडला बोटीने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या याद्या असत. लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या आजही आहेत, आणि पैसे भरले तर संगणकावर बघता येतात. सुट्टीत मी साहेबाच्या आडनावाने शोधत बसले. डोळे दुखले, पण पान सापडलं! मडमेचं नाव, दोन मुलांची नावं, वयं. त्यांच्या खालच्या ओळीत नावाच्या रकान्यात नुसतं 'आया'. वय १६.

अशा कितीतरी जणी या याद्यांत आहेत. कुणाच्या पुढे साहेबाचं आडनाव लावलेलं, कुणापुढे तेही नाही.

लंडनला पोचल्यावर काही मालक आयेला परतीचं भाडं न देताच सोडून देत. परक्या देशात, थंडीत, भाषा येत नाही. अशा बायकांसाठी लंडनमध्ये 'आयाज होम' नावाचं वसतिगृह होतं. १९०० साली ते हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर आलं. हिंदुस्थानात निघालेल्या एखाद्या कुटुंबाला आया हवी असली, की तिथून तिला त्यांच्याबरोबर पाठवत. जून २०२२ मध्ये त्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली. (पाटी लागायला शंभर वर्षं का लागली, हा प्रश्न मला पडतोच.)

आता गंमत बघा. गंमत कसली, पंचाईतच. धाकली परत निघाली असेल, तर दुसऱ्याच कुटुंबाबरोबर. म्हणजे साहेबाचं आडनाव आता कामाचं नाही. तिचं स्वतःचं नाव पाहिजे.

आजीला विचारलं. आजी म्हणाली, "आम्ही तिला धाकलीच म्हणायचो बाई. माझे वडीलसुद्धा धाकलीच म्हणायचे." मग मी नात्यातल्या चार घरी फिरले. कुणाला तिचं नाव ठाऊक नाही. घरात धाकली, बंगल्यावर आया. शाळेत ती गेलीच नव्हती, म्हणजे हजेरीपटातही नाव असायचं नाही. चौथीच्या माझ्या वर्गात मी मुलांना आजीच्या आईचं नाव लिहून आणायला सांगितलं, तर निम्मी मुलं 'मोठी आई' आणि 'बाय' लिहून आली.

यादीचं पान छापून आजीला दाखवलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही. ती त्या ओळीवर बोट ठेवून विचारत राहिली, "इथं काय लिहिलंय गं?" वय सोळा आहे असं सांगितल्यावर म्हणाली, "मग तीच."

सध्या मी १९२३ च्या अखेरीच्या आणि १९२४ च्या परतीच्या बोटींच्या याद्या बघते आहे. आया पुष्कळ आहेत. ज्यांच्यापुढे वय सोळा किंवा सतरा आहे, त्या एका वहीत उतरवून ठेवते. आतापर्यंत चार झाल्या.