बाळहिरड्याचा हिशोब

आमच्याकडे होळी सरली की हिरड्याचे दिवस सुरू होतात. जुन्नरच्या पश्चिमेला मढपासून खिरेश्वर, माळशेजच्या अंगाला आणि तिकडे आंबेगावच्या बाजूनं भीमाशंकरच्या डोंगरापर्यंत ही झाडं आहेत. बरीचशी लोकांच्या मालकीच्या रानात, काही वनखात्याच्या हद्दीत. फळ कोवळं असतानाच फांद्या झोडून पाडायचं, वेचायचं, अंगणात वाळत घालायचं. वाळून काळं, कडक, सुरकुतलेलं झालं की तो बाळहिरडा. औषधाला जातो आणि व्यापारी दारात येऊन नेतो. भाताच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या घरात पावसाळ्याच्या तोंडावर रोख पैसा येतो तो यातूनच. बियाणं, पोरांची पुस्तकं, घराची डागडुजी, सगळं त्यावर असतं.

आमच्या बचत गटातल्या बायकांनी एकेकटीनं विकण्यापेक्षा माल एकत्र करून द्यायचं ठरवलं, तेव्हा लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. वहीत एका पानावर आवक, दुसऱ्यावर उचल. हंगामाआधी अडीनडीला घेतलेली उचल शेवटी मालातून वळती करायची असते आणि खरी ओढाताण तिथेच होते. "माझं किती झालं गं?" असं कुणी विचारलं की सगळी पानं चाळून बेरीज करावी लागायची. उन्हातून डोक्यावर पोतं घेऊन आलेली बाई तोवर काट्याजवळ उभी. तिला तिचा आकडा लगेच सांगता आला पाहिजे, एवढ्यासाठीच मी ॲपच्या मागे लागले.

मला प्रोग्रॅमिंग येत नाही. एक्सेलमध्ये बेरीज-वजाबाकी येते, तेवढ्यावर सुरुवात केली. गुगल शीटमध्ये तक्ता मांडायचा आणि ॲपशीट त्यावरून मोबाइलवर चालणारं ॲप उभं करतं. हे ॲपशीट गुगलनं २०२० साली विकत घेतलेलं आहे. त्यात कोड लिहावा लागत नाही. कुठल्या रकान्यात आकडा, कुठे तारीख, कुठे फोटो, एवढं सांगायचं. रेंज नसताना भरलेली नोंद मोबाइलमध्येच थांबते आणि रेंज आली की वर जाते. डोंगराच्या कुशीतल्या वाडीवर काटा लावायचा तर याच्याशिवाय काम चाललंच नसतं.

तक्ता कसा मांडायचा हे मी एआयला विचारलं, तेही मराठीत बोलून. आमची वही कशी चालते ते सगळं सांगितलं. त्यानं सुचवलं की एकच लांबलचक तक्ता करू नका. सभासद, आवक, उचल आणि विक्री असे चार वेगळे तक्ते करा, आणि प्रत्येक सभासदाला क्रमांक देऊन त्या क्रमांकानं ते जोडा. हे मला मनापासून पटलं. आमच्या एकाच वाडीत नाव आणि आडनाव दोन्ही सारखं असलेल्या बायका आहेत, वहीत त्यांना मी 'वरच्या आळीची' आणि 'विहिरीजवळची' असं लिहीत असे. सूत्रंही त्यानंच लिहून दिली. संध्याकाळी स्वयंपाकाआधी बसले होते, जेवणं होईपर्यंत मोबाइलवर चालतं ॲप तयार होतं. त्या वेळी झालेला आनंद अजून तसाच आहे. आपल्या गरजेची वस्तू आपण आपल्या भाषेत सांगून करून घेऊ शकतो, ही आमच्यासारख्यांसाठी लहान गोष्ट नाही.

पण ते ॲप काट्यावर नेण्याआधी मी जुन्या वहीतला मागचा अख्खा हंगाम त्यात भरला आणि बेरजा ताडून पाहिल्या. तेव्हा दिसलं की भाव एकाच जागी ठेवला होता. आजचा भाव बदलला की आधीच्या सगळ्या नोंदींची रक्कमही बदलत होती. हिरड्याचा भाव आज एक, आठ दिवसांनी दुसरा. म्हणून त्या दिवशीचा भाव त्या दिवशीच्या नोंदीतच कायमचा उतरला पाहिजे, असं एआयला समजावून सांगितलं आणि त्याप्रमाणे बदल करून घेतला. कुणीही असं काही करणार असेल तर माझं सांगणं एवढंच, की हातानं केलेला जुना हिशोब समोर ठेवा आणि तो पैशापर्यंत जुळल्याशिवाय नवं काही वापरात आणू नका.

दुसरी गोष्ट बायकांच्या लक्षात आली. मी न मागताच एआयनं एक जादा रकाना घातला होता: ओल्या मालावरून 'अंदाजे सुकं वजन'. दिसायला छान, आकडा आपोआप यायचा. गटातल्या सगळ्यांत जाणत्या मावशींना मी तो वाचून दाखवला. त्यांनी पोत्यात हात घातला, मूठभर हिरडा काढून कानाजवळ खुळखुळवला, एक दातानं फोडून पाहिला आणि पोतं बाजूला सारलं. "अजून दोन उन्हं लागतील. त्याला माझं अंगण दिसतंय का गं?" अंगणात ऊन किती वेळ टिकतं, मधे वळवाचा पाऊस येऊन गेला का, फळ किती कोवळं असताना पाडलं, यावर घट ठरते. यातलं त्या सूत्राला काहीच ठाऊक नव्हतं. तो रकाना काढून टाकला. आता हिरडा हातानं पाहून 'वाळला' असं मावशी म्हणतात तेव्हाच वजनाची नोंद होते, आणि काट्याच्या आकड्याचा फोटो त्याच नोंदीला जोडला जातो.

पुढचं सगळं बायकाच सांगत गेल्या. एकीची उचल दुसरीला दिसायला नको. घरात आजारपण असतं, कुणाच्या मुलीचं लग्न असतं, ते चव्हाट्यावर कशाला? बहुतेकींचा स्वतःचा मोबाइल नाही. असतो तो मुलाकडे नाहीतर मालकांकडे. म्हणून ॲप माझ्या आणि गटातल्या आणखी एकीच्याच मोबाइलवर ठेवलं. नोंद झाली की आकडा मोठ्यानं वाचायचा आणि बाईच्या हातातल्या कार्डावर पेनानं लिहून द्यायचा. केलेली नोंद पुसायची नाही. चुकली तर दुरुस्तीची नवी नोंद घालायची. आधार क्रमांक, बँकेचं खातं यातलं काहीही त्यात ठेवायचं नाही, हे मात्र माझं म्हणणं. पैशाची देवघेव करणारं ॲप अशा झटपट पद्धतीनं कुणी करू नये, असं माझं ठाम मत आहे.

आंद्रेई कार्पाथी या संशोधकानं फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा कामाला 'व्हाइब कोडिंग' म्हटलं: कोडकडे न पाहता, बोलून सांगत जायचं आणि मशीननं करत जायचं. शहरातली पोरं त्यावर काय काय करतात ते मी वाचते. आमच्यासाठी त्याचा उपयोग वेगळा आहे. हिरडा वेचणाऱ्या एका गटासाठी कुठली कंपनी सॉफ्टवेअर करायला येणार होती? आणि आली असती तरी मावशींच्या पोत्यापाशी किती वेळ बसली असती?

यंदा आमच्या ॲपमध्ये नवा तक्ता येतोय, झाडांचा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याची पुष्कळ झाडं पडली. भरपाईसाठी किसान सभा या शेतकरी संघटनेला आणि लोकांना पुढं बरीच वर्षं झगडावं लागलं. कुणाच्या रानात किती झाडं उभी होती, त्यांना माल किती लागायचा, हे कागदावर दाखवणं आमच्यातल्या कितीतरी घरांना जमलं नव्हतं. झाडासमोर उभं राहून बटण दाबलं की ॲपशीट त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवून घेतं. त्याच्यासोबत झाडाचा फोटो, खोडाचा घेर आणि कुणाच्या वाट्याचं ते. घेर टेपनं मोजायचा की कवेनं, यावर सध्या गटात जोरदार चर्चा चालू आहे. मावशी कवेच्या बाजूनं आहेत. मी शिवणाची टेप घेऊन येत्या रविवारी त्यांच्याच रानापासून सुरुवात करणार आहे.