घडीचा रुमाल

बालवाडीत माझ्या फ्रॉकला सेफ्टी पिनेने रुमाल टोचलेला असे. तो नाकासाठी होता. शाळा सुटेपर्यंत त्याची काय दशा होई, ते आईलाच ठाऊक. पुढे त्याला बरीच कामं लागली. एसटी फलाटाला लागली रे लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, उन्हात तो डोक्यावर घ्यायचा, परीक्षेत घामेजल्या हाताखाली ठेवायचा. मग नोकरी लागली, पर्समध्ये कागदी टिश्यू आले आणि रुमाल कधी सुटला ते कळलंही नाही.

पुन्हा भेटला तो थेट तोक्योत. लेक-जावई निशी-कासाईला राहतात. भारतीय आयटीवाल्यांची तिथे मोठी वस्ती, त्यामुळे तूरडाळीची चिंता नव्हती. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहात हात धुतले आणि बघते तर पुसायला कागदच नाही. शेजारच्या शाळकरी मुलीने, सुटातल्या बाईने, काठी टेकत आलेल्या आजींनी आपापला घडीचा रुमाल काढला, हात टिपले, पुन्हा घडी घालून ठेवून दिला. मी साडीच्या पदराला!

कचऱ्याची पेटीही दिसेना. १९९५ साली तोक्योच्या मेट्रोत सरिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर स्टेशनांवरच्या बऱ्याच पेट्या काढून टाकल्या गेल्या. आपला कचरा आपणच घरी न्यायचा म्हटल्यावर कागदापेक्षा कापड परवडतं. २०२० च्या साथीत हात सुकवायची यंत्रं ठिकठिकाणी बंद ठेवली होती, तेव्हाही लोकांचं फारसं अडलं नसावं.

प्राथमिक शाळेतल्या मुलांनी रोज रुमाल आणि टिश्यू न्यायचे असतात. कपड्याला खिसा नसेल तर कमरेला क्लिपने अडकवायची छोटी पिशवी मिळते. माझ्या सेफ्टी पिनेची ही श्रीमंत मावसबहीण! मोठ्या दुकानांत रुमालांचा स्वतंत्र विभाग असतो. इमाबारी या टॉवेलांच्या गावचे मऊ चौकोन तिथे हौसेने निवडले जातात. मला आवडला तो तेनुगुई. साधारण ३५ बाय ९० सेंटीमीटरचा सुती पट्टा, दोन्ही टोकं न शिवलेली, त्यामुळे पटकन वाळतो.

मात्र नाक रुमालात शिंकरायचं नाही. शिंकरून तोच परत खिशात ठेवणं त्यांना किळसवाणं वाटतं. आता मलाही वाटतं.

जपानहून परतलेली आपली माणसं शिस्तीवर व्याख्यान देतात. मला त्या शिस्तीत सकाळी दाराशी ‘रुमाल घेतलास का?’ विचारणारी आई जास्त दिसते. आणि सगळंच काही उचलण्याजोगं नाही. हातापुरता कागद वाचवणारा हाच देश पुड्यातलं एकेक बिस्कीट वेगळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळतो!

ओळखीचंही बरंच सापडलं. फूड कोर्टात ताट आणायला जाताना लोक टेबलावर रुमाल ठेवून जागा धरतात, कधी चक्क फोन ठेवतात, आणि तो जागेवर सापडतो. एसटीत हे धाडस मी करणार नाही. मुलं ‘हांकाची ओतोशी’ खेळतात: गोल करून बसायचं, एकाने मागून फिरत कुणाच्या तरी पाठीशी गुपचूप रुमाल टाकायचा. आपलं मामाचं पत्र!

तुम्ही जाणार असाल तर दोन सुती रुमाल बरोबर ठेवा. टिश्यू न्यायची गरज नाही. स्टेशनाबाहेर जाहिरात छापलेली पाकिटं अजूनही कधीकधी फुकट वाटतात.