दीड तास, एक गणित

१

शिष्यवृत्ती परीक्षेचा एक पेपर: ७५ प्रश्न, ९० मिनिटं. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचा एक पेपर: ३ प्रश्न, साडेचार तास. इथे एका प्रश्नाला ७२ सेकंद, तिथे ९० मिनिटं.

रविवारच्या वर्गाला नव्याने येणारी बहुतेक मुलं पहिल्या परीक्षेत चमकलेली असतात.

२

नव्या मुलाला गणित घातलं. दोन मिनिटांत काही सुचलं नाही, त्याने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत बसला. त्याच्या लेखी विषय संपला होता. शेजारची मुलगी दोन वर्षं वर्गाला येते. तिलाही गणित आलं नव्हतं, पण ती १ घालून बघत होती, मग २, मग ३.

३

फळ्यावर १ ते १० लिहिले. कुठल्याही दोन संख्या पुसायच्या आणि मोठीतून लहान वजा करून येईल ती संख्या लिहायची. असं करत करत शेवटी एकच उरते. ती शून्य आणून दाखवा.

बराच वेळ नुसती खोडाखोड. १ आला, ३ आला, ५ आला. एकाने ९ आणला आणि टाळ्या घेतल्या. "बाई, शून्य येत नाही, तुमचं गणित चुकलंय." मग मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "सम संख्या येतच नाहीये."

यानंतर मला काही बोलावं लागलं नाही. दोन संख्यांऐवजी त्यांची वजाबाकी लिहिली की फळ्यावरची एकूण बेरीज लहान संख्येच्या दुपटीने घटते. म्हणजे बेरीज सम असेल तर समच राहते, विषम असेल तर विषमच. सुरुवातीची बेरीज ५५. शून्य कधीच यायचं नाही.

सातवीतल्या एकाने विचारलं, "मग १ ते ११ घेतले तर येईल?" बेरीज ६६, सम आहे. पण सम आहे म्हणून शून्य येईलच असं कुठे ठरलंय? ते करून दाखवावं लागतं. १, २, ३ मधून शून्य काढलं, बाकीच्यांच्या जोड्या लावून चार एक मिळवले, त्यांचंही शून्य केलं. हे त्यांचं त्यांनी केलं. त्या दिवशी दुसरं गणित झालं नाही.

४

मुलं अडली की मी खिडकीशी जाऊन उभी राहते. फळ्याजवळ राहिले तर तोंडातून उत्तर निघून जातं.

५

आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडपर्यंतच्या पायऱ्या अशा. आयओक्यूएम: तीन तास, ३० प्रश्न, उत्तर दोन अंकी, गोल काळे करायचे. आरएमओ: तीन तास, सहा प्रश्न, सगळं लिहून सिद्ध करायचं. मग जानेवारीत आयएनएमओ. त्यातून निवडक मुलांचं शिबिर. शिबिरातून सहा जण देशाचा संघ म्हणून जातात. या सगळ्याचं मध्यवर्ती केंद्र मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र.

पहिल्या आणि दुसऱ्या पायरीमध्ये सर्वांत मोठी दरी आहे. गोल काळे करणारा हात सिद्धता लिहायला बसला की अडखळतो.

६

फाटकाशी एक वडील थांबले होते. "बाई, कॅल्क्युलस कधी घेणार? शेजाऱ्यांच्या मुलाचं नववीतच सुरू झालंय."

ऑलिंपियाडला कॅल्क्युलस लागतच नाही. संख्या सिद्धांत, बीजगणित, भूमिती आणि मोजणीची गणितं, एवढंच. पाया बराचसा दहावीपर्यंतचाच. खोली मात्र अशी की आयुष्यभर गणित करणाऱ्यालाही घाम फुटावा.

७

१९८८, कॅनबेरातलं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड. सहावा प्रश्न. दोन धन पूर्णांक घ्या. त्यांच्या वर्गांच्या बेरजेला, त्यांच्या गुणाकारात एक मिळवून येणाऱ्या संख्येने नि:शेष भाग जात असेल, तर भागाकार पूर्ण वर्गच असतो हे दाखवा. प्रश्न निवडणाऱ्या ऑस्ट्रेलियन समितीत तो कोणालाच सुटला नव्हता. मग देशातल्या संख्या सिद्धांताच्या चार नामवंत तज्ज्ञांकडे दिला, सहा तास दिले. त्यांनाही त्या वेळात जमला नाही. तरीही पेपरात ठेवला. अकरा मुलांनी पूर्ण सोडवला.

त्याच वर्षी तेरा वर्षांच्या टेरेन्स टाओला सुवर्णपदक मिळालं. या प्रश्नात त्याला सातपैकी एक गुण होता. पुढे २००६ साली त्याला फील्ड्स पदक मिळालं.

हे मी वर्गात दर वर्षी सांगते. एक गुण म्हणताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

८

त्रिकोण काढा म्हटलं की दहातली आठ मुलं समद्विभुज काढतात, निदान तसा दिसणारा. मग शिरोलंब, मध्यगा आणि कोनदुभाजक एकावर एक पडतात. मूल खूश होऊन "सिद्ध झालं" म्हणतं. म्हणून माझा हट्ट: कंपास, पट्टी, टोकदार पेन्सिल, आणि कुठल्याही बाजूने देखणा न दिसणारा, मोठा त्रिकोण. अर्ध्या पानाचा. कागद वाचवायचा नाही.

मग एक विशालकोन त्रिकोणही काढायचा. लंबसंपात बिंदू बाहेर गेला की अर्ध्या वर्गाची सिद्धता कोसळते.

९

शाळेच्या नोटीस बोर्डावर चार-पाच 'ऑलिंपियाड'. फी भरा, पर्याय निवडा, मेडल घ्या. मुलाच्या गळ्यात दोन-तीन मेडलं असतात आणि घरी वाटतं, हा ऑलिंपियाडच्या रस्त्याला लागलाय. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडला जाणारा रस्ता हा नव्हे, हे शाळेनेच पालकांना सांगायला हवं. फार थोड्या शाळा सांगतात.

१०

"हे उघडच आहे." वहीत जिथे हे वाक्य दिसतं तिथे मी लाल गोल करते. भोक बहुतेक वेळा तिथेच असतं.

११

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर. ६१७४ ही संख्या त्यांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडली. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा. पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. ३५२४ घेतली: ३०८७, ८३५२, ६१७४.

वर्गात हे सांगायला पाच मिनिटं लागतात. पुढे दोन रविवार मुलंच वर्ग चालवतात. तीन अंकी घेतल्या तर ४९५ येते. दोन अंकी घेतल्या तर कुठेच थांबत नाही: ८१, ६३, २७, ४५, ०९, पुन्हा ८१. दोन अंकींना का थांबा नाही, हे सहावीतल्या एका मुलीने स्वतः शोधून फळ्यावर मांडलं.

कापरेकर देवळालीत तीसेक वर्षं शिकवत होते. त्यांच्या संख्यांबद्दल १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं, तेव्हा ते जगभर माहीत झाले. नाशिककडची मुलं वर्गाला आली की मी देवळाली आधी सांगते.

१२

मराठी माध्यमाचा एक मुलगा इंग्रजी प्रश्न तीनदा वाचतो. तोच प्रश्न तोंडी मराठीत सांगितला, तर इतरांच्या आधी सोडवतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये प्रश्न मुलाच्या भाषेत दिले जातात आणि उत्तरंही आपापल्या भाषेत लिहिता येतात. तिथवर पोचायच्या पायऱ्यांवर मात्र हा मुलगा गणिताआधी इंग्रजीशी झगडतोय. त्याच्यासाठी मी आता प्रश्न मराठीतूनही छापते.

१३

हंगेरी, १८९४. दानिएल आरान्य नावाच्या माध्यमिक शिक्षकाने शाळकरी मुलांसाठी गणिताचं मासिक काढलं. दर महिन्याला प्रश्न छापायचे, मुलांनी टपालाने उत्तरं पाठवायची, सोडवणाऱ्यांची नावं आणि फोटो छापायचे. पॉल एर्डॉश लहानपणी त्यातलेच प्रश्न सोडवत असे. मासिक अजून निघतं.

तेवढ्याशा देशाने एवढे गणिती कसे दिले, याची कारणं लोक फार लांब शोधतात.

१४

पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलं. माणूस बैजिक भूमितीतला जगप्रसिद्ध, पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक. पण शाळेतल्या बीजगणितावर त्यांचा जीव होता. कठीणातल्या कठीण बैजिक भूमितीतही ते त्या बीजगणिताच्या बळावर शिरत. प्रतिष्ठानात शाळकरी मुलांचे ऑलिंपियाडचे वर्ग चालतात, हे मला म्हणूनच अगदी सरळ वाटतं.

१५

आठवीपर्यंत वर्गात मुली जवळजवळ निम्म्या. दहावीला चार-पाच. संध्याकाळची वेळ, परतीची बस, "आता बोर्डाचं वर्ष आहे ना". भावाचंही तेच बोर्डाचं वर्ष असतं. तो येतो.

मरियम मिर्झाखानीने १९९४ आणि १९९५ अशी दोन वर्षं ऑलिंपियाडचं सुवर्णपदक मिळवलं, दुसऱ्या वर्षी पैकीच्या पैकी गुण. २०१४ साली फील्ड्स पदक मिळवणारी ती पहिली स्त्री. युरोपीय मुलींचं वेगळं ऑलिंपियाड २०१२ पासून आहे. भारताचा संघ त्यात २०१५ पासून जातो.

वर्ग मी सकाळी आठला आणला. दहावीच्या दोघी परत आल्या.

१६

२०२४चं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड, बाथ: चार सुवर्ण, एक रौप्य, भारत चौथा. १९८९ पासून भारत भाग घेतोय, इतकं चांगलं कधी झालं नव्हतं. वर्तमानपत्रांत सहा मुलांचे फोटो.

त्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या आधी आरएमओत राहिलेल्या मुलाने वही उघडून दाखवली. परीक्षेत न सुटलेला प्रश्न त्याने सात-आठ महिन्यांनी सोडवला होता. कुणी सांगितलं नव्हतं, गुणही मिळणार नव्हते. हा वर्ग मी या मुलासाठी चालवते.

१७

"याचा पुढे उपयोग काय?" हा प्रश्न पालक विचारतात, मुलं विचारत नाहीत. पालकांचं चूक नाही, फी ते भरतात. मी खरं ते सांगते: बहुतेकांना पदक मिळणार नाही, पण एका प्रश्नाशी दीड तास बसणारं मूल इथे तयार होतं. ऐकून काही जण मुलाला जेईईच्या क्लासला घेऊन जातात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मुलाला मात्र एक प्रश्न लिहून देते.

१८

तालुक्याच्या गावातली नववीतली मुलगी. रविवारी येणं जमत नाही, म्हणून वहीचे फोटो पाठवते. कोपऱ्यात अंगठा आलेला असतो.

प्रश्न होता: सलग पाच धन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज पूर्ण वर्ग असू शकत नाही, हे दाखव. मधली संख्या धरून तिने बेरीज बरोबर मांडली: मधल्या संख्येच्या वर्गात दोन मिळवून पाचपट. पुढे लिहिलं होतं, "हे उघडच आहे."

मी लिहिलं: "वर्गसंख्येला ५ ने भागल्यावर बाकी काय काय उरते, सगळं लिही."

रात्री उत्तर आलं. बाकी ०, १ किंवा ४. दोन मिळवले की २, ३ किंवा १. पाचाने भाग जात नाही, म्हणून पाचपट पूर्ण वर्ग होत नाही. खाली तिचाच प्रश्न: "बाई, पाचाऐवजी किती घेतले की जमतं?"

मी काही सांगितलं नाही. आठवडाभराने तीन पानांचे फोटो आले. दोनला जमतं: ३, ४, ५. तीन, चार आणि सहाला जमत नाही, सिद्धतेसह. अकराला जमतं: १८ पासून २८ पर्यंत, बेरीज ५९२९, म्हणजे ७७ चा वर्ग. शेवटी लिहिलं होतं: "सात ते दहा राहिलेत. त्यावर बसलेय."