कीपरचे हात

दुकानातून आणलेले किपिंग ग्लोव्हज पहिल्या दिवशी कुणाच्याच हाताचे नसतात. तळव्याचं रबर ताठ, बोटांची टोकं कडक, अंगठा कुठे वळायचा ते ग्लोव्हजच ठरवणार. ते आपल्या हाताचे करून घेणं हे कीपरचं काम, आणि मला ते झेल घेण्याइतकंच आवडतं.

आमच्या मालवणात लेदर बॉलचे सामने मोजकेच. टोपीवाला बोर्डिंगचं मैदान असो की सावंतवाडीचा जिमखाना, गर्दी खेचतात त्या टेनिस बॉलच्या स्पर्धा. त्यामुळे लेदरचं किट बरेच महिने पडून असतं आणि किनाऱ्याची दमट हवा त्याला सोडत नाही. पावसाळ्यात चामड्यावर पांढरी बुरशी धरते, घाम मुरलेलं इनर वाळून पापडासारखं कडक होतं. गणपती आटोपले की मी सगळं पडवीत काढतो. सावलीतच, उन्हात रबर चिरतं.

मग सुई, कात्री आणि टेप. माझ्या हातात मार खाणारी जागा म्हणजे उजव्या करंगळीचं मूळ. तिथे इनरला आतून नखाएवढा फोम शिवून घेतो. तो नेमका सांध्यावर बसला तर चेंडू लागलेला कळतो, पण झोंबत नाही. जरा सरकला तर बोटं पुरती मिटत नाहीत आणि तळव्यात आलेला चेंडू निसटतो. फोम जाड घ्यावा असं नवशिक्या मुलांना वाटतं. जाड फोमने हात वाचतो खरा, पण बहिरा होतो. चेंडू हातात शिरताना कळला नाही, तर बोटं मिटायची कधी?

शिवणकाम बाजारात चपला दुरुस्त करणारे एक काका करून देतात. ते क्रिकेट खेळत नाहीत, पण सुई हातात घेण्याआधी विचारतात, "बॉल इलो काय हाताक खंय लागता, ता आधी दाखव." इतका बिनचूक प्रश्न मला किट विकणाऱ्या कुणी विचारलेला नाही.

मनासारखं करायलाही मर्यादा आहे. क्रिकेटचा 27 वा नियम कीपरचा. बोटांना बोटं जोडणारी जाळी त्याला चालत नाही. फक्त तर्जनी आणि अंगठ्यामध्ये, आधारापुरती. तीही अंगठा पूर्ण ताणला की ताठ राहिली पाहिजे आणि दोन्ही टोकं जोडणाऱ्या सरळ रेषेपलीकडे जाता कामा नये. नियम मला मनापासून पटतो. झेल हातानेच घ्यायचा असतो.

फलंदाजांना मोकळीक थोडी जास्त. 2007 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात गिलख्रिस्टने खालच्या हाताच्या ग्लोव्हमध्ये स्क्वॉशचा चेंडू ठेवून 149 धावा काढल्या. त्या हाताची पकड घट्ट होऊ नये एवढ्यासाठी ती युक्ती. आमच्या वेंगुर्ल्याशी घराण्याचं नातं असलेल्या सुनील गावसकरांनी हेल्मेट नाकारलं, त्याचं कारण त्यांनीच सांगितलंय: पडल्या पडल्या वाचायच्या सवयीने मान कमजोर, हेल्मेटचं वजन आलं तर उसळता चेंडू चुकवायला उशीर होईल. पुढे त्यांनी टोपीखाली डोक्याच्या कडा झाकणारं हलकं कवच वापरलं. चेहरा उघडाच. स्वतःच्या मानेचा इतका बारीक विचार केलेला माणूस मला धाडसी वाटतो, पण त्याचं अनुकरण मी कुणाला करू देणार नाही.

कारण सबा करीम. 2000 साली ढाक्यात कुंबळेच्या गोलंदाजीवर किपिंग करताना चेंडू त्याच्या डोळ्यावर बसला. कारकीर्द त्यानंतर फार चालली नाही. स्पिनरला स्टंपांजवळ उभं राहायचं तर हेल्मेट हवंच. माझ्याकडे शिकणारी मुलं तक्रार करतात, जाळीची पट्टी चेंडूच्या आड येते. पट्टी वाकवायची नाही, फट वाढवायची नाही, हे आधी बजावतो. बदल करायचा तो आतल्या फोममध्ये आणि हनुवटीच्या पट्ट्यात.

मुलाला हेल्मेट घालून बैठक मारायला लावतो. खाली बसून मान वर केली की हेल्मेटची मागची कड मानेला टेकते आणि पुढची झडप डोळ्यांवर येते. उभ्याने माप घेतलं तर हे कळतच नाही. मग मागच्या फोमचा थर बदलतो, पट्टा एक घर आवळतो आणि खालून चेंडू टाकायला लागतो. मध्येच त्याचा हात हेल्मेट सारखं करायला वर गेला, की मी थांबतो. त्या क्षणी त्याचं लक्ष चेंडूवर नव्हतं. हेल्मेट काढून पुन्हा फोम बघतो, पुन्हा बैठक.