सिनाईच्या डोंगरात एक पहाट

मैत्रिणींनो, वाळवंट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? पिवळीधमक वाळू, एक उंट आणि खजुराची दोन झाडं! सहावीच्या वर्गाला भूगोल शिकवताना मीही फळ्यावर हेच चित्र काढत असे. 2019 च्या डिसेंबरात सिनाईला जाऊन आले आणि ते चित्र मला पुसून टाकावं लागलं.

त्याचं असं झालं, आमच्या 'ह्यां'ची कंपनीच्या कामासाठी सहा महिने कैरोत नेमणूक झाली होती. दोन्ही मुलांना घेऊन मी तिकडं जायचं ठरलं. निघण्याआधी माहेरी अलिबागला जाऊन आले. आमच्या शेजारच्या काकू बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. त्यांचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. काकू म्हणाल्या, "पोरी, मोशेच्या डोंगराला चाललीस. माझ्यानं काही आता होणं नाही. माथ्यावर पोचलीस की माझ्या नावानं हात जोड." मीही मोठ्या तोऱ्यात 'हो' म्हटलं.

कैरोहून पहाटे निघालो. सुएझ कालव्याच्या खालून बोगदा आहे. वर जहाजं आणि खाली आपली मोटार! बोगद्यातून बाहेर आलं की आफ्रिका संपते, आशिया सुरू होतो. सिनाई हा दोन आखातांच्या मधला त्रिकोण. उत्तरेला भूमध्य समुद्राकडं वाळूच्या टेकड्या, मध्ये चुनखडीचं ओसाड पठार आणि दक्षिणेला लाल-तपकिरी ग्रॅनाइटचे उघडेबोडके डोंगर. आपल्या सह्याद्रीवर पावसाळ्यात हिरवा शालू असतो. इथं डोंगराच्या अंगावर चिंधीसुद्धा नाही!

रस्ता जातो तो 'वादी'मधून. वादी म्हणजे कोरडी नदी. वर्षानुवर्षं थेंब नसतो, पण दूर डोंगरात एखादी जोरदार सर आली की तासाभरात असा लोंढा येतो की तंबू, शेळ्या सगळं वाहून नेतो. पण तेच पाणी वाळूखाली मुरून राहतं. वादी फिरानमध्ये मैलोन् मैल उजाड डोंगर पाहून डोळे थकले असताना एकदम खजुरांची हिरवी राई दिसली. जिथं विहीर तिथं वस्ती, एवढाच इथला हिशोब.

सात-आठ तासांनी सेंट कॅथरिनचा मठ आला. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियननं बांधलेला हा ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठ. आत एक झुडूप आहे. मोझेसला जळत असूनही राख न होणाऱ्या ज्या झुडपातून देवाची हाक आली, ते हेच, अशी श्रद्धा आहे. जवळच मोझेसची विहीर. मेंढ्यांना पाणी पाजायला आलेल्या सात बहिणींना त्यानं इथं मदत केली आणि पुढं त्यांतल्याच एकीशी लग्न केलं, असं सांगतात. पाणवठ्यावर जमलेली लग्नं काय आपल्याकडंच होतात?

आणि गंमत पाहा, मठाच्या तटाच्या आतच, चर्चच्या घंटेशेजारी एक छोटी मशीद आहे. मठाला अभय देणारं पत्र खुद्द महंमद पैगंबरांनी दिलं होतं, असं इथली परंपरा सांगते. मठाची राखण पिढ्यान्पिढ्या करणारे जबालिया बेदुइन मुसलमान आहेत.

तुम्ही म्हणाल, हे तिन्ही धर्म एका ठिकाणी कसे? मलाही वर्गात हेच विचारलं होतं, आणि तेव्हा मी 'पुढच्या तासाला सांगते' म्हणून वेळ मारून नेली होती! तर ऐका. तिघंही एकच देव मानतात आणि अब्राहामला, मुसलमानांच्या इब्राहिमला, आपला पूर्वज समजतात. ज्यूंचा धर्म सर्वांत जुना. इजिप्तच्या गुलामीतून सुटून ते या वाळवंटात आले आणि मोझेसला या डोंगरावर दहा आज्ञा मिळाल्या, ही त्यांची श्रद्धा. पळताना कणीक फुगवायला वेळ नव्हता, म्हणून वल्हांडण सणात ते आजही बिनखमिराची भाकरी खातात. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी घरची बाई दिवे लावते आणि शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. येशू ख्रिस्त जन्मानं ज्यूच. तो देवाचा पुत्र, क्रुसावर मरून पुन्हा उठला, असं ख्रिस्ती लोक मानतात. मोझेसचे ग्रंथ त्यांच्याही बायबलात आहेत. इस्लाम अरबस्तानातल्या मक्केत सुरू झाला. पैगंबर मदिनेला गेले त्या इसवी सन 622 पासून हिजरी सन मोजतात. कलमा, नमाज, जकात, रमजानचे रोजे आणि हज हे त्याचे पाच आधार. कुराणात मोझेस म्हणजे मुसा, येशू म्हणजे ईसा, आणि त्याच्या आईच्या, मरियमच्या, नावाचं एक आख्खं प्रकरण आहे.

आता माझी फजिती सांगते. जबल मुसा, म्हणजे मोझेसचा डोंगर, 2285 मीटर उंच. आपलं कळसूबाई 1646! सूर्योदयासाठी मध्यरात्रीनंतर चढायला लागलो. थंडी इतकी की बाटलीला हात लावेना. उंटाची वाट संपते तिथून शेवटच्या साडेसातशे पायऱ्या. नेमकी तिथंच माझ्या धाकटीला ओकारी झाली आणि पोरगी गारठून रडायलाच लागली. 'हे' थोरल्याला घेऊन पुढं गेले. मी तिला शालीत गुंडाळून खडकाच्या आडोशाला बसले. काकूंना दिलेला शब्द आठवून डोळ्यांत पाणी आलं.

आमचा बेदुइन वाटाड्या मागं थांबला होता. आमच्याजवळचं पाणी संपलेलं. त्याच्या बाटलीत घोट-दोन घोट उरलं होतं. ते त्यानं लेकीच्या तोंडाला लावलं. थोड्या वेळानं फटफटलं. त्याची नमाजची वेळ झाली. नमाजेआधी हातपाय, तोंड धुवायचं असतं ना? त्यानं दोन्ही तळहात मातीवर टेकले, चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवले आणि मक्केकडं तोंड करून उभा राहिला. पाणी नसेल किंवा पिण्यासाठी राखायचं असेल तर माती चालते, हा त्यांच्या धर्मातलाच नियम, हे मला नंतर समजलं. वाळवंटाचा भूगोल मला त्या क्षणी जेवढा कळला, तेवढा कुठल्याही पुस्तकातून कळला नव्हता.

उजाडल्यावर पाहिलं, तर आम्ही डोंगरांच्या एका बशीत बसलो होतो. मध्ये सायप्रसचं उंच जुनं झाड, थेट आमच्या अलिबागच्या सुरूसारखं. मी बोट दाखवलं तर वाटाड्या म्हणाला, "नबी इल्यास."

इल्यास! म्हणजे काकूंचे एलियाहू हन्नाबी! लहानपणी त्यांच्या घरचा मलिदा कितीदा खाल्लाय. पोहे, ओलं खोबरं, गोड आणि फळं. बेने इस्राएलांची या नबीवर फार भक्ती. तो अग्निरथातून स्वर्गात गेला तेव्हा वाटेत अलिबागजवळ थांबला, तिथल्या खडकावर रथाच्या खुणा आहेत, असं ते मानतात. जीव वाचवायला पळालेला तो नबी इथं लपला होता आणि वादळ, भूकंप, आग हे सगळं सरल्यावर त्याला देवाचा बारीकसा आवाज ऐकू आला, अशी कथा आहे. मी तिथंच हात जोडले.

मोझेसचा डोंगर नेमका हाच का, याबद्दल विद्वानांत वाद आहेत. असोत! अलिबागला गेल्यावर मी काकूंना खरं ते सांगून टाकलं, "माथा काही मला जमला नाही." त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग एलियाहूचं ऐकलं आणि माझ्या लेकीला जवळ ओढून म्हणाल्या, "हिच्यासाठी थांबलीस ना? मग बरोबर ठिकाणी थांबलीस." त्या शुक्रवारी त्यांनी दिवे लावताना तिला शेजारी उभं केलं.

तुम्ही कधी गेलात तर लोकरी कपडे, कानटोपी आणि घट्ट बुटांबरोबर पाणी मात्र दुप्पट न्या, बरं का! आणि माथा राहिला तरी हळहळू नका.