गिलाव्याआधी भिंत ओळखा

शेतीच्या कामासाठी औंढा, कळमनुरी, वसमत भागातली गावे मी फिरत असतो. पिकाची पाहणी झाली की चहा घरी होतो आणि माझे लक्ष भिंतींकडे जाते. आपल्या जिल्ह्यात २१ मार्च २०२४ ला सकाळी ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला, १० जुलैला पुन्हा बसला. तेव्हापासून जुन्या माळवदी घरांच्या भेगा बुजवण्याची घाई दिसते. सिमेंटचे पोते आणले, गिलावा ओढला, झाले! आतली भिंत कशाची, हे कोणी पाहत नाही.

शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात, ते उगाच नव्हे. काळी माती ओलीने फुगते, वाळली की भेगाळते; म्हणून घराला पांढरीची माती. तिच्यात भुसा, वरून शेणाचे सारवण. ऐपतदार वाड्यांना घाणीचा चुना, म्हणजे बैलांनी दगडी चाकाखाली मळलेला. त्यात वाळू, कुठे गूळ-हिरड्याचे पाणी.

वरच्या सफेदीवर जाऊ नका. मातीच्या भिंतीलाही दिवाळीला चुना लागतोच. दाराआडचा सुपारीएवढा खपला काढा आणि पाण्याच्या पेल्यात टाका. मातीचा असेल तर थोड्या वेळात त्याचा चिखल होतो, काड्या वर तरंगतात. चुन्याचा खपला तसाच राहतो, पण खिळ्याने ओरखडला तर पूड निघते आणि मध्ये चुन्याचे पांढरे ठिपके दिसतात. सिमेंट राखी रंगाचे; ते खिळ्याला सहसा दाद देत नाही.

काही जण लिंबू पिळून पाहतात. चुना फसफसतो हे खरे. पण माती परीक्षणात पातळ आम्ल टाकले की आपली चुनखडीची मातीही फसफसते, आणि सिमेंटही. तेव्हा लिंबू सरबतालाच ठेवावे.

कळमनुरीकडे एका घरी मावशी म्हणाल्या, "साहेब, सिमेंट केल्यापासून भिंतीकडची ज्वारी बुरसते बघा."

मी बोटाने ठोकले, आवाज पोकळ आला. जोत्यातून चढलेली ओल मातीच्या गिलाव्यातून वाळून जाते, सिमेंट तिला कोंडते. आत माती भिजून मऊ होत राहते, बाहेरून मात्र भिंत गुळगुळीत.

"मावशी, पोती हातभर लांब ठेवा. पावसाळा सरला की खालचे सिमेंट हलक्या हाताने काढून घ्या."

भेग भिंतीच्या आरपार गेली असेल, किंवा भिंत पोटातून फुगली असेल, तर कोणताच गिलावा तिला धरणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची जड माळवदे माणसांवर कोसळली. अशा घराखाली निजू नका, आधी अभियंत्याला दाखवा.

भेग वरवरचीच असेल तर मातीला माती, चुन्याला चुना. पांढरी चाळून, भुसा घालून चार-पाच दिवस भिजत ठेवावी, पायाने मळावी. भिंत शिंपडून घ्यावी आणि पातळ थर द्यावा. पहिला थर वाळताना चिरला तर घाबरू नये, दुसऱ्या थराला तेवढाच धर मिळतो.